पाकळ्या निरोगी असतील तर झडप का काढायची?

टूडी इकोच्या रिपोर्टमध्ये ‘डायलेटेड एऑर्टिक रूट’, म्हणजे महाधमनीचं फुगलेलं मूळ, असं लिहून आलं की घरचे हादरतात. हृदयातून निघणाऱ्या महाधमनीचा अगदी सुरुवातीचा भाग म्हणजे हे मूळ. त्यात तीन पाकळ्यांची झडप असते, आणि हृदयाला रक्त पुरवणाऱ्या दोन्ही कोरोनरी धमन्या तिथूनच फुटतात. मार्फान सिंड्रोमसारख्या आनुवंशिक विकारात धमनीची भिंत ढिली पडून हे मूळ फुगत जातं. साधारण ५.५ सेंटिमीटरला, मार्फानमध्ये ५ सेंटिमीटरलाच, शस्त्रक्रिया सुचवतात. कारण भिंत आतून चिरली तर जिवावर बेततं.

दुखणं भिंतीचं असतं. पाकळ्या पुष्कळदा धडधाकट असतात, फक्त ताणल्या गेल्याने नीट मिटत नाहीत. तरीही १९६८ साली बेंटॉल आणि डी बोनो यांनी मांडलेल्या शस्त्रक्रियेत मूळ आणि झडप दोन्ही काढून, कृत्रिम झडप असलेली नळी बसवतात. ती भरवशाची आहेच, पण इथे सुक्याबरोबर ओलंही जळतं. यांत्रिक झडप बसली की रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिनची गोळी जन्मभर, आणि रक्त किती पातळ झालंय हे पाहणारी आयएनआर तपासणी सतत. वेल्ह्यासारख्या आडगावच्या माणसाने त्यासाठी किती खेपा घालायच्या? पुण्यासारख्या दुचाकींच्या शहरात डोक्याला मार लागला तर हीच गोळी रक्तस्राव वाढवते. गरोदरपणात ती बाळाला अपाय करू शकते. प्राण्याच्या ऊतीची झडप घेतली तर गोळी टळते, पण ती कालांतराने झिजते; तरुण वयात म्हणजे दुसरी शस्त्रक्रिया जवळपास ठरलेलीच.

म्हणूनच मला झडप राखून फक्त मूळ बदलणारे हृदयशल्यविशारद मॅग्डी याकूब आणि टोरांटोचे टिरोन डेव्हिड यांचं काम फार मोलाचं वाटतं. दोघांच्याही पद्धतीत फुगलेली भिंत कापतात, पाकळ्यांलगतची काही मिलिमीटरची पट्टी राखतात आणि कोरोनरींची तोंडं बटणासारखी वेगळी करतात. याकूब पद्धतीत डेक्रॉन या कृत्रिम कापडाच्या नळीच्या टोकाला तीन जिभा कापून त्या पट्टीला शिवतात. पाकळ्यांची हालचाल मोकळी राहते, मात्र बुंधा, म्हणजे झडपेच्या तळाचा घेर, पुढे रुंदावू शकतो. त्यामुळे आता अनेक जण बुंध्याभोवती कडंही घालतात. डेव्हिड यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत अख्खी झडप नळीच्या आत घेऊन शिवतात, म्हणजे बुंधाही आवळला जातो. शेवटी कोरोनरींची बटणं नळीला भोकं पाडून जोडतात.

खरी कसोटी पुढेच असते. पाकळ्या मिटल्यावर बुंध्यापासून साधारण ९ मिलिमीटर वर भेटायला हव्यात. जर्मनीचे सर्जन शेफर्स यांनी ही उंची मोजायला खास कॅलिपर बनवला. एखादी पाकळी लोंबत असेल तर तिच्या मध्यावर बारीक टाके घालून ती उचलतात. हृदय पुन्हा धडधडू लागलं की अन्ननलिकेतून इको करून गळती बघतात. जास्त असेल तर पुन्हा दुरुस्ती, नाहीतर कृत्रिम झडप.

ऱ्हुमॅटिक तापाने आक्रसलेल्या किंवा कॅल्शियम साचून कडक झालेल्या पाकळ्या सहसा वाचवता येत नाहीत. शिवाय हे काम हातच्या सरावाचं आहे. सर्जनला ‘माझी झडप राखता येईल का, आणि तुम्ही अशा किती केल्यात?’ असं विचारण्यात अजिबात संकोच नको.

मूळ फार फुगेपर्यंत थांबलं तर पाकळ्याही ताणून विरविरीत होतात. मार्फान असलेल्या व्यक्तीच्या प्रत्येक अपत्यात तो उतरण्याची शक्यता ५० टक्के असते. म्हणून घरात एकाला निदान झालं की आईवडील, भावंडं आणि मुलं यांचा इको, काही त्रास नसला तरी, करून घ्यावा.