वर्गीकरण : तत्त्वज्ञान आणि समाजशास्त्र

वस्तू, घटना किंवा माणसे यांची काही निकषांवर गटांत विभागणी करणे म्हणजे वर्गीकरण. हे गट सृष्टीत आधीपासूनच असतात आणि माणूस ते केवळ ओळखतो, की आपल्या गरजेप्रमाणे तोच ते पाडतो, हा या विषयातला मूळ वाद आहे.

वैशेषिक या प्राचीन भारतीय दर्शनाने अस्तित्वात असलेल्या सर्व गोष्टींची मांडणी द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष आणि समवाय (अतूट संबंध) या सहा पदार्थांत, म्हणजे मूलभूत प्रकारांत, केली. अभाव हा सातवा पदार्थ नंतर मानला गेला. ॲरिस्टॉटलची अशीच मांडणी दहा पदार्थांची होती. भेद वास्तवातच आहेत, ही दोन्हीकडची धारणा. विसाव्या शतकातला तत्त्वज्ञ लुडविग विट्गेनश्टाइन याने मात्र दाखवून दिले, की आपण ज्यांना खेळ म्हणतो त्या सगळ्यांत समान असे एकही लक्षण सापडत नाही. एका कुटुंबातल्या माणसांत कुणाचे नाक तर कुणाची चाल जुळावी, तशी साम्ये त्यांत एकमेकांत गुंतलेली असतात. १९७० च्या दशकात मानसशास्त्रज्ञ एलिनॉर रॉश यांच्या प्रयोगांतही गटांच्या कडा धूसरच आढळल्या : लोकांच्या लेखी चिमणी ही पेंग्विनपेक्षा अधिक ‘पक्षी’ असते.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल द्यूरकेम आणि मार्सेल मोस यांनी १९०३ मध्ये असे प्रतिपादन केले, की वस्तूंचे आद्य गट माणसांच्या सामाजिक गटांवरूनच बेतले गेले. पण समाजाचे गट ओळखायलाही गट पाडण्याची क्षमता आधी हवीच, हा त्यावरचा आक्षेप बिनतोड आहे.

स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनीअसने १७३५ मध्ये देवमाशाला माशांत घातले आणि १७५८ मध्ये सस्तन प्राण्यांत. देवमाशाचे त्याने काहीच बिघडले नाही. माणसांचे तसे नसते. तत्त्वज्ञ इअन हॅकिंग यांनी दाखवल्याप्रमाणे, आपल्यावर बसलेला शिक्का माणसाला कळतो, त्याप्रमाणे तो बदलतो आणि त्याच्या बदलण्याने तो वर्गही बदलतो. शिक्का कायद्याचा असेल तर परिणाम भीषण होतात. दक्षिण आफ्रिकेत १९५० च्या लोकसंख्या नोंदणी कायद्याने प्रत्येकाचा वंश ठरवला जाई. संशय आल्यास केसांत पेन्सिल खोचून ती गळून पडते की अडकून राहते, हे पाहिले जाई. एकाच घरातली माणसे वेगवेगळ्या वंशांत नोंदली गेल्याचीही उदाहरणे आहेत. हा कायदा १९९१ मध्ये रद्द झाला.

बहुतेक वर्गीकरणे इतकी उघड नसतात, आणि म्हणूनच अभ्यासकांनी त्यांच्याकडे अधिक बारकाईने पाहायला हवे. मृत्यूच्या वैद्यकीय प्रमाणपत्रात डॉक्टर कारणांची साखळी लिहितो : वरच्या ओळीवर तात्कालिक कारण, त्याखाली ते ज्यामुळे उद्भवले ते कारण, आणि सर्वांत खाली मूळ कारण. आकडेवारीत सर्वसाधारणपणे हे शेवटचेच मोजले जाते. जंतुसंसर्गाने दगावलेल्या रुग्णाची साखळी मूत्रपिंडाच्या विकारापाशी थांबली तर तो मृत्यू एका रकान्यात जातो, आणि आणखी एक ओळ खाली मधुमेह लिहिला तर दुसऱ्या. कोणत्या आजाराने किती माणसे मेली याचे तक्ते अशाच नोंदींतून तयार होतात, आणि आरोग्यावरचा खर्च कुठे वळवायचा हे ठरवताना हेच तक्ते समोर ठेवले जातात.