पॉट रोस्टच्या रश्शातला गहू

पॉट रोस्ट म्हणजे मांसाचा मोठा, राठ तुकडा झाकणबंद भांड्यात थोड्याशा पाण्यावर तासन्‌तास शिजवायचा, आणि खाली उरलेला रस्सा दाट करून त्यावर ओतायचा. अमेरिकेत तो गाईच्या खांद्याच्या मांसाचा करतात. इंदुरातल्या मराठी घरात कुणी करायला घेतलाच, तर बोकडाचा खांदा किंवा रान. मटणात गहू कुठून येणार, हा प्रश्न रास्त आहे. तो येतो रश्शातून. तिकडे तुकडा परतायच्या आधी मैद्यात घोळवतात, नाहीतर शेवटी लोण्यावर भाजलेला मैदा लावतात. याचाच जर्मन भाऊबंद साउअरब्राटन; त्याच्या रश्शात तर आल्याची बिस्किटं कुस्करून घालायची चाल आहे. ग्लुटेन म्हणजे गव्हातलं चिकट प्रथिन; ‘ग्लुटेन-फ्री’ची सगळी भानगड मैद्याच्या त्या शेवटच्या दोन चमच्यांत आहे.

असा रोस्ट तासन्‌तास मंद आचेवर शिजवणाऱ्या विजेच्या भांड्याची, म्हणजे स्लो कुकरची, जन्मकथा मात्र अमेरिकन पॉट रोस्टपासून सुरू होत नाही. ती सुरू होते लिथुआनियातल्या ज्यू मोहल्ल्यात. ज्यूंचा शब्बाथ शुक्रवारी सूर्यास्ताला लागतो, आणि मग दुसऱ्या रात्रीपर्यंत चूल पेटवायची नाही. म्हणून शुक्रवारी दुपारी घराघरातून चोलंट नावाच्या मंद शिजणाऱ्या रश्शाची भांडी गावच्या पाववाल्याच्या भट्टीत नेऊन ठेवायची. भट्टीच्या विझत्या धगीवर ती रात्रभर शिजायची. शिकागोच्या अर्व्हिंग नॅक्सन या संशोधकाला त्याच्या आईनं आपल्या लहानपणच्या व्हिल्ना शहरातली ही हकिकत सांगितली होती. त्यानं भट्टीच्या जागी भांड्याभोवती विजेची तार गुंडाळली. पेटंट मिळालं १९४० साली. गंमत म्हणजे चोलंटमध्ये मांस, घेवडा, बटाटा यांच्या जोडीला बहुधा जव असतात, आणि जवातही ग्लुटेन असतं. म्हणजे ज्या पदार्थावरून हे यंत्र सुचलं, तोच सिलिअ‍ॅकच्या, म्हणजे ग्लुटेन न सोसणाऱ्या आतड्याच्या आजाराच्या, रुग्णाला चालत नाही.

नॅक्सनच्या यंत्राला बाजारात फारसं कुणी विचारलं नाही. १९७० मध्ये रायव्हल कंपनीनं त्याचा व्यवसाय विकत घेतला, यंत्राला नवं रूप दिलं आणि १९७१ मध्ये ‘क्रॉक-पॉट’ म्हणून आणलं. आतलं मातीचं भांडं बाहेर काढून धुता येईल अशी सोय १९७४ मध्ये झाली. बायका मोठ्या संख्येनं नोकरीला बाहेर पडत होत्या, विजेची आणि तेलाची महागाई होती. सकाळी भरून ठेवलं की संध्याकाळी तयार, हे गणित जुळलं.

आपल्याकडे नेमकं उलटं झालं. इथे इंधन वाचवायचं होतं, म्हणून प्रेशर कुकर आला. हॉकिन्स कंपनी मुंबईत सुरू झाली ती १९५९ मध्ये. मंद आच घरातून गेली, चार शिट्ट्या आल्या. त्याआधी चुलीला वैल असायचा. मुख्य जाळावर भाकरी, आणि बाजूच्या वैलावर डाळ किंवा मटण आपलं रटरटत पडलेलं. मटणाच्या पातेल्यावर पाणी घातलेलं खोलगट ताट ठेवायचं. वाफ त्या ताटाला लागून पुन्हा खाली ठिबकायची, आणि रस्सा वाढवायचा झाला तर ताटातलं गरम पाणी हाताशीच. स्लो कुकरचं जड झाकण हेच करतं, फक्त वरून गरम पाणी देत नाही.

आता गव्हाकडे. पोट बिघडून खंगत जाणारी मुलं वैद्यांना फार पूर्वीपासून माहीत होती. इंग्रज डॉक्टर सॅम्युएल गी यानं १८८८ मध्ये या आजाराचं, म्हणजे सिलिअ‍ॅकचं, नेमकं वर्णन छापलं. अमेरिकेत १९२४ पासून अशा मुलांना केळ्यांवर ठेवत. ती सुधारायची, आणि श्रेय केळ्याला जायचं. खरा गुन्हेगार ओळखला हॉलंडच्या विलेम डिके या बालरोगतज्ज्ञानं. गव्हावर त्याचा संशय महायुद्धाच्या आधीपासून होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये उपासमार झाली, पाव मिळेना, लोक ट्यूलिपचे कांदे खाऊ लागले. त्या काळात डिकेच्या या मुलांची तब्येत सुधारली, आणि पाव परत आल्यावर ती पुन्हा बिघडली. १९५० मध्ये त्यानं यावर प्रबंध लिहिला. पुढच्या दोन-तीन वर्षांत सहकाऱ्यांसह त्यानं दाखवून दिलं की दोष गव्हाच्या स्टार्चचा नाही, ग्लुटेनचा आहे.

हे इंदुरात का महत्त्वाचं? २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत उत्तर भारतात सिलिअ‍ॅकचं प्रमाण शंभरात एकाच्या थोडं वर, तर दक्षिणेत हजारात एक असं आढळलं. आजाराला पोषक जनुकं दोन्हीकडे जवळपास सारखी. फरक ताटातल्या गव्हाचा. अठराव्या शतकात होळकरांच्या मागोमाग दख्खनेतून आलेली कुटुंबं ज्वारी-बाजरीच्या मुलखातून गव्हाच्या मुलखात उतरली. अर्थात माळव्यातला शेतकरीही रोज गहू खात नव्हता, त्याची भाकर ज्वारी-मक्याचीच. १९७० नंतर खरिपात सोयाबीन पसरलं, ज्वारी मागे पडली, आणि पोळी रोजची झाली. बाफले, म्हणजे इथल्या उकडून भाजलेल्या बाट्या, तर गव्हाचेच.

‘आमच्या रश्शात मैदा कधी नव्हताच’ असं म्हणायचा मोह होतो, आणि ते बऱ्यापैकी खरंही आहे. भाजलेलं सुकं खोबरं, खरपूस कांदा, खसखस यांचं वाटण रश्शाला अंग देतं. त्यातली खसखस तर मंदसौर-नीमचच्या अफूच्या शेतांतली, म्हणजे घरचीच. पण छाती फुगवण्याआधी डबे उघडून बघावे. बाजारच्या बांधानी, म्हणजे मिसळीच्या, हिंगात बहुतेक वेळा मैदा असतो. मेतकुटात गहू असतो. तयार मसाल्याच्या पाकिटावर बारीक अक्षरात काय लिहिलंय, ते चष्मा लावून वाचावं. ‘ग्लुटेन-फ्री’ म्हणून विकायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही, असा आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे. एका चिमूटभर हिंगानं तो मोडू शकतो.

करायचा असेल तर खांद्याचा हाडासकट तुकडा घ्यावा. राठ भागात कोलॅजन हे चिवट प्रथिन भरपूर असतं; सत्तर-ऐंशी अंशांवर सहा-आठ तास राहिलं की त्याचं जिलेटिन होतं, आणि रस्सा मैद्याशिवायच ओठांना चिकटतो. स्लो कुकर शंभर अंशांच्या वर जात नाही, त्यामुळे त्यात मटण कधीच खरपूस होणार नाही. आधी कढईत सगळ्या बाजूंनी नीट परतून घ्यावं, आळस करू नये. बटाटा-गाजर तळाशी, मटण वर. पाणी वाटीभर पुरे, कारण वाफ बाहेर जात नाही. वाटण घालणार असाल तर दुसरं काही लागत नाही. साहेबी रस्सा हवा असेल तर शेवटच्या अर्ध्या तासात गार पाण्यात कालवलेलं कॉर्नफ्लोअर किंवा तांदळाची पिठी लावावी. सुरुवातीलाच घातली तर इतक्या तासांत ती पुन्हा पातळ होते.

सोबत ज्वारीची भाकरी. आणि इथेच बहुतेकांचं घोडं पेंड खातं. कोपऱ्यावरच्या चक्कीवर आधी कुणाचे तरी गहू दळलेले असतात आणि मागोमाग आपली ज्वारी पडते. पिठाचा पहिला किलो तरी अर्धवट गव्हाचाच. ज्यांच्या घरी सिलिअ‍ॅकचा रुग्ण आहे, ते स्लो कुकरच्या आधी घरघंटी घेतात.