चवऱ्याची काळी वाळू : टाकाऊ ठरलेल्या इल्मेनाइटची पार्श्वभूमी

केरळात कोल्लमहून उत्तरेकडे निघालं की नीण्डकराचा पूल ओलांडल्यावर चवरा लागतं. तिथून कायमकुळमच्या मुखापर्यंत जेमतेम २२ किलोमीटरचा किनारा. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडीचं पाणी आणि मध्ये वाळूची अरुंद पट्टी. ही वाळू काळी आहे. मल्याळममध्ये तिला करिमणल म्हणतात.

ती मुठीत घेतली की रंगाच्याही आधी वजन जाणवतं. साध्या वाळूच्या अंदाजाने उचलायला जावं आणि हात खाली ओढला जावा, इतकी जड. मूठ उघडून उन्हात धरली तर बहुतेक दाणे काळे, चमकदार दिसतात आणि त्यांत एखाददुसरा मधाच्या रंगाचा. काळा दाणा इल्मेनाइटचा, म्हणजे लोह आणि टायटॅनियमच्या ऑक्साइडचा. मधाळ दाणा मोनाझाइटचा, त्यात थोरियम आणि दुर्मिळ मृदा मूलद्रव्यं (रेअर अर्थ्स) असतात. या दोघांपैकी माल कोणता आणि कचरा कोणता, याचं उत्तर शंभर वर्षांत पालटत गेलं. चवऱ्याचा इतिहास समजून घ्यायला मला हाच धागा सगळ्यांत भरवशाचा वाटतो.

हे दाणे आले सह्याद्रीच्या दक्षिण टोकाकडून. तिथले खडक आपल्या बेसाल्टसारखे नाहीत. ते फार जुने, खोल पोटात भाजून निघालेले खोंडालाइट आणि चार्नोकाइट. पावसाने ते झिजले, त्यांचा जांभा झाला, नद्यांनी दाणे समुद्राकाठी आणून टाकले. पुढचं काम लाटांनी केलं. घरात सुपात तांदूळ पाखडताना हलका कोंडा उडून जातो आणि जड दाणा मागे राहतो, तसंच इथे पाण्याने होतं. साध्या वाळूतलं क्वार्ट्झ पाण्याच्या २.६५ पट जड, तर इल्मेनाइट सुमारे ४.७ पट. पावसाळी लाट पांढरी वाळू ओढून नेते, काळी किनाऱ्यावर बसते. हजारो पावसाळे हे पाखडणं चाललं आणि चवऱ्याची खाण तयार झाली.

या काळ्या खनिजाची ओळख मात्र फार लांब पटली. इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यात, मॅनकन गावच्या ओढ्यात, विल्यम ग्रेगर या पाद्र्याला चुंबकाला ओढली जाणारी काळी रेती सापडली. १७९१ मध्ये त्याने तिचं पृथक्करण केलं, तेव्हा लोहाबरोबर ओळखीचं नसलेलं एक पांढरं ऑक्साइड निघालं. चार वर्षांनी, १७९५ मध्ये, जर्मन रसायनज्ञ क्लाप्रोटला तेच मूलद्रव्य रूटाइल या दुसऱ्या खनिजात सापडलं आणि त्याने त्याला टायटॅनियम नाव दिलं. इल्मेनाइट हे नाव रशियातल्या उरलमधल्या इल्मेन डोंगरांवरून पडलं, १८२७ मध्ये. नावं मिळाली, गिऱ्हाईक मिळालं नाही. पुढची जवळजवळ शंभर वर्षं टायटॅनियमचा कोणाला म्हणण्यासारखा उपयोग नव्हता.

चवऱ्याकडे जगाचं लक्ष गेलं ते काथ्यामुळे. त्रावणकोरचा काथ्या युरोपात जात असे. नारळाची सोडणं खाडीच्या पाण्यात कुजवायची, बडवायची आणि किनाऱ्यावर सुंभ वळायचं. या सगळ्यात वाळू चिकटणारच. १९०९ मध्ये शोमबर्ग नावाच्या जर्मन रसायनज्ञाला या काथ्यातून झडलेल्या वाळूत मोनाझाइटचे दाणे दिसले. त्या वेळी ही शोधाशोध जोरात होती. आपल्याकडे वरातीत डोक्यावर घेऊन चालायची ती गॅसबत्ती आठवा. तिच्यातली पांढरी जाळी, म्हणजे मेंटल, थोरियमच्या ऑक्साइडमुळे लख्ख उजळते. ऑस्ट्रियाच्या आउअर फॉन वेल्सबाखने हे मेंटल बाजारात आणल्यापासून युरोपातले रस्ते त्यावर उजळत होते आणि थोरियमसाठी लागणारं मोनाझाइट मुख्यतः ब्राझीलहून येत होतं. त्रावणकोरात दुसरा साठा मिळाला.

शोमबर्गने आधी मणवाळक्कुरिचीला कारखाना घातला, मग चवऱ्याला. मणवाळक्कुरिची तेव्हा त्रावणकोर संस्थानात होतं, १९५६ नंतर तमिळनाडूच्या कन्याकुमारी जिल्ह्यात आहे. पहिलं महायुद्ध पेटल्यावर ब्रिटिश अमलाखाली जर्मन माणसाचा धंदा टिकणं शक्य नव्हतं, कारखाने लंडनच्या कंपनीकडे गेले. या सगळ्या काळात लोकांना हवा होता तो मधाळ दाणा. शंभर टोपल्या वाळूत तो फार तर टोपलीभर. बाकीचं काळं इल्मेनाइट वेगळं करून बाजूला टाकायचं, कारण त्याला बाजारच नव्हता.

तो बाजार पांढऱ्या रंगाने आणला. भिंतींना लावायचा पांढरा रंग तोवर मुख्यतः शिशापासून होई. तो विषारी, आणि धुराने काळवंडणारा. १९१६ च्या सुमारास नॉर्वे आणि अमेरिकेत इल्मेनाइट सल्फ्युरिक ॲसिडमध्ये विरघळवून त्यातून शुभ्र टायटॅनियम डायऑक्साइड काढण्याचे कारखाने सुरू झाले. हा रंग झाकतो चांगला, टिकतो चांगला आणि शिशासारखा विषारी नाही. इतक्या काळ्याकुट्ट दाण्यातून इतका पांढरा रंग निघतो, याचं नवल मला आजही वाटतं. विजेच्या दिव्यांमुळे गॅसबत्ती मागे पडत होती आणि मोनाझाइटची मागणी ओसरत होती, नेमकं तेव्हाच हे घडलं. १९२२ पासून त्रावणकोरचं इल्मेनाइट परदेशी जाऊ लागलं. १९४० च्या सुमारास ते वर्षाला सुमारे ३ लाख टनांवर पोचलं आणि जगाच्या इल्मेनाइट व्यापारात त्रावणकोरला तोड राहिली नाही. काल बाजूला टाकलेला ढीग आज बोटीत चढत होता.

ही मक्तेदारी दुसऱ्या महायुद्धाने मोडली. समुद्रमार्ग धोक्यात आले, तसं अमेरिकेने स्वतःच्या न्यूयॉर्क राज्यात ॲडिरोंडॅक डोंगरातली टहावस इथली खाण उघडली. तिथे एकोणिसाव्या शतकात लोखंडाचा कारखाना होता आणि टायटॅनियम ही त्या धातुकाची खोड मानली जात होती, भट्टीला त्रास देणारी. १९४० नंतर त्याच खोडीसाठी खाण चालू झाली.

युद्ध संपताना पारडं पुन्हा फिरलं. अणुशक्तीमुळे थोरियमला वेगळंच वजन आलं आणि मोनाझाइट बाहेर जाऊ द्यायचं की नाही, हा त्रावणकोरचे दिवाण सी. पी. रामस्वामी अय्यर आणि दिल्ली यांच्यातला राजकीय प्रश्न झाला. १९५० मध्ये भारत सरकार आणि त्रावणकोर-कोचीन सरकार यांनी मिळून इंडियन रेअर अर्थ्स ही कंपनी काढली. केरळातल्या आलुव्याचा तिचा मोनाझाइटचा कारखाना १९५२ मध्ये नेहरूंच्या हस्ते सुरू झाला. या कंपनीचं मुख्यालय मुंबईत प्रभादेवीला आहे. सिद्धिविनायकाच्या दर्शनाला जाणारे असंख्य लोक त्या परिसरातून जातात. चवरा आणि मणवाळक्कुरिचीचे कारखाने पुढे, १९६० च्या दशकात, याच कंपनीकडे आले. चवऱ्यालाच केरळ सरकारची केरळ मिनरल्स अँड मेटल्स ही दुसरी कंपनी आहे. तिथे २०११ मध्ये टायटॅनियम स्पंज, म्हणजे खुद्द धातू, तयार करणारा कारखाना इस्रोच्या साहाय्याने उभा राहिला.

आता एक प्रश्न कोकणातल्या वाचकाच्या मनात येणारच. काळी वाळू आपल्याकडेही आहे. रत्नागिरीजवळ नेवरे, मालगुंड, भाट्ये, पूर्णगडच्या किनाऱ्यांवर इल्मेनाइट आहे, आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने काळबादेवीच्या उपसागरात पाण्याखालीही ते तपासलं आहे. मग चवऱ्यासारखा उद्योग इथे का नाही? उत्तर खडकात आहे. आपलं इल्मेनाइट बेसाल्टमधून आलेलं, त्यात मॅग्नेटाइट हे लोहखनिज गुंतलेलं, आणि सोबतीला मोनाझाइट नाही. चवऱ्याचं इल्मेनाइट उष्ण, दमट हवेत इतकं मुरलं आहे की त्यातलं बरंच लोह धुऊन गेलं. शुद्ध इल्मेनाइटमध्ये हिशेबाने टायटॅनियम डायऑक्साइड ५२.६ टक्के असायला हवं, चवऱ्याच्या मालात ते ६० टक्क्यांच्या आसपास भरतं. शिवाय त्याच वाळूतून रूटाइल, झिरकॉन, सिलिमनाइटही निघतं. चुंबकाने आणि उच्च दाबाच्या विजेने एकेक दाणा वेगळा करता येतो. इल्मेनाइट आणि रूटाइल वीज वाहतात, झिरकॉन आणि मोनाझाइट वाहत नाहीत.

इतकी वर्षं या पट्टीवर माणसंही राहत आली आहेत. चवऱ्याच्या उत्तरेला आलप्पाड नावाचं मच्छीमारांचं गाव आहे, समुद्र आणि कालवा यांच्यामध्ये चिंचोळं लांबट पसरलेलं. २००४ च्या त्सुनामीत केरळातली सर्वांत जास्त माणसं याच गावात गेली, शंभरावर. २०१८ च्या शेवटी आणि २०१९ च्या सुरुवातीला इथल्या लोकांनी वाळूउपशाविरुद्ध मोठं आंदोलन केलं. त्यांचा मुख्य राग होता लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकलेली वाळू थेट उचलण्यावर. खनिज काढून उरलेली पांढरी वाळू खोदलेल्या खड्ड्यांत परत भरली जाते, हे खरं. पण समुद्राने पाखडून पाखडून मागे ठेवलेला जड दाणा परत येत नाही, आणि लाटेला दाद न देणारा दाणा तोच होता. ज्यांचं घर लाटेपासून वीस पावलांवर आहे, त्यांनी हे कुठल्याही अहवालाची वाट न पाहता ओळखलं होतं.