मीटर २.५ दाखवतो, पिनवर २.५ नसतात: पीडब्ल्यूएम आणि डॅक

आर्डुइनो ऊनो या मायक्रोकंट्रोलर बोर्डाच्या ९ नंबर पिनला एलईडी लावून तो ॲनालॉगराइट या कमांडने हळूहळू मंद-प्रखर केला असेल, तर पीडब्ल्यूएम (पिन झपाट्याने चालू-बंद करत राहणं) तुम्हाला येतं. ड्यूटी सायकल (पिन चालू असण्याच्या वेळेचा हिस्सा), तो सांगायचा ० ते २५५ हा आकडा वगैरे पुन्हा सांगत बसत नाही.

डॅक (डिजिटल-टू-ॲनालॉग कन्व्हर्टर) म्हणजे दिलेल्या आकड्याइतकं स्थिर व्होल्टेज पिनवर धरून ठेवणारं सर्किट. ऊनो आर३ मध्ये ते नाही, रास्पबेरी पाय पिकोमध्येही नाही. मूळ ईएसपी३२ मध्ये २५ आणि २६ या पिनांवर ८ बिटांचं (२५६ पायऱ्यांचं) आहे, ऊनो आर४ मध्ये ए० वर १२ बिटांचं.

आता खरा घोळ. "ॲनालॉगराइटला १२७ दिले, म्हणजे पिनवर २.५ व्होल्ट आले." नाही आले. त्या पिनवर साधारण एक मिलिसेकंद पूर्ण ५ व्होल्ट असतात, पुढचा एक मिलिसेकंद शून्य, आणि हे सेकंदाला सुमारे ४९० वेळा चालतं (५ आणि ६ नंबरच्या पिनांवर ९८० वेळा). मधलं काही नाही. मल्टिमीटर संथ असतो, डीसी रेंजवर तो सरासरी दाखवतो, आणि मग लोक "मीटरच २.५ म्हणतोय" हा पुरावा नाचवतात.

ऑसिलोस्कोप (सिग्नलचा आलेख दाखवणारं यंत्र) नसला तरी खात्री करता येते. ९ नंबर पिनवर १२७ सोडा, तीच पिन वायरने ए० ला जोडा आणि ॲनालॉगरीडने (व्होल्टेज वाचणारी कमांड) आलेले आकडे सीरियल मॉनिटरवर, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या खिडकीत, छापत राहा. एकेक वाचन मिलिसेकंदाच्या दहाव्या भागात उरकतं, म्हणून आकडे जवळजवळ नेहमी ० (शून्य व्होल्ट) नाहीतर १०२३ (५ व्होल्ट) दिसतील. ५१२ ची वाट पाहू नका.

याची किंमत कुठे मोजावी लागते? "१६८ दिले की ३.३ व्होल्ट होतात" असं म्हणून ऊनोची पिन थेट ३.३ व्होल्टच्या बोर्डाला जोडणारे आहेत. सरासरी ३.३ येईलही, पण समोरच्या चिपला दर वेळी पूर्ण ५ व्होल्टचा दणका बसतो. लेव्हल बदलायला दोन रेझिस्टरांचा डिव्हायडर किंवा लेव्हल शिफ्टर (हेच काम करणारं तयार मॉड्यूल) वापरा. पीडब्ल्यूएम हा त्यावरचा उपाय कधीच नव्हता.

"मग पुढे रेझिस्टर-कपॅसिटर लावू" हे उत्तर अर्धंच बरोबर. १० किलोओहम आणि १० मायक्रोफॅरड लावले तर १२७ वर तरंग (उरलेला चढउतार) सुमारे २५ मिलिव्होल्टपर्यंत उतरतो, पण नवं व्होल्टेज स्थिरावायला जवळपास अर्धा सेकंद जातो. शिवाय त्यातून करंट ओढलात की व्होल्टेज कोसळतं. १० किलोओहमचा लोड लावला तर थेट निम्मं होतं. संथ रेफरन्ससाठी हे चालेल, मध्ये ऑप-ॲम्पचा बफर घालून (तो व्होल्टेज तेवढंच ठेवून करंट स्वतः पुरवतो). या पिनवर या मार्गाने गाणी वाजवायचा हट्ट मात्र सोडा.

उलट बाजूचा हट्टही तितकाच वैताग आणतो: "डॅक खरं ॲनालॉग, म्हणून मोटर डॅकनेच चालवणार." एक तर डॅकची पिन मोटरला लागणारा करंट देऊच शकत नाही. दुसरं, मधल्या व्होल्टेजवर अर्धवट उघडलेला मॉसफेट (मोटरचा करंट चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर) नुसता तापतो. पीडब्ल्यूएमवर तो पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद असतो, म्हणून थंड राहतो. मोटर, एलईडी, हीटर यांना पीडब्ल्यूएमच द्या. यात माझ्या मते चर्चेला जागा नाही.

(सर्व्हो, म्हणजे ठरलेल्या कोनात वळणारी मोटर, ही तिसरीच भानगड. तो सरासरी बघत नाही, पल्सची रुंदी बघतो. त्याला सर्व्हो लायब्ररी वापरा.)

डॅक लागतं ते ध्वनीसाठी, वेव्हफॉर्म काढायला किंवा ज्या इनपुटला खरोखर स्थिर व्होल्टेज हवं तिथे. तेवढ्यासाठी बोर्ड बदलू नका. एमसीपी४७२५ या डॅक चिपचं छोटं मॉड्यूल आय-टू-सीच्या दोन तारांवर १२ बिट देतं. आणि ईएसपी३२ च घ्यायचा असेल तर नाव नीट वाचून घ्या: सी३ आणि एस३ मध्ये डॅक काढून टाकलेलं आहे.