अबोली की बकुळ? रोप नेण्याआधी जागा मोजावी

पावसाळा तोंडावर आला की आमच्या रोपवाटिकेत येणारे निम्मे ग्राहक एकच प्रश्न विचारतात : घरापुढे अबोली लावू की बकुळ? प्रश्न रास्त आहे. दोन्हींची फुले गजऱ्यात माळली जातात, देवाला वाहिली जातात, आणि आमच्याकडे काळ्या पिशव्यांमध्ये शेजारीशेजारी मांडलेली दोन्हींची रोपे जेमतेम हातभर उंचीची असतात. पिशवीतले हे साम्य मात्र फसवे आहे. अबोली ही अडुळसा आणि कोरांटी यांच्या कुळातली, फार तर कमरेपर्यंत येणारी आणि वर्षानुवर्षे टिकू शकणारी झुडूपवजा वनस्पती आहे. बकुळ हा चिकू आणि मोह यांच्या कुळातला सदाहरित वृक्ष असून तो सावकाश का होईना, दुमजली घराच्या गच्चीवर जातो आणि वीस-पंचवीस फुटांचा गोल, दाट पसारा धरतो.

आमचा आणि ग्राहकांचाही सर्वाधिक वेळ खाणारी चूक याच साम्यातून घडते. अबोलीला शोभेल अशा जागी, म्हणजे कंपाउंडच्या भिंतीला लागून असलेल्या दोन-तीन फुटांच्या पट्टीत, बकुळ लावली जाते. पहिली दोन-तीन वर्षे सगळे छान दिसते, कारण बकुळ मुळातच मंद वाढते. चौथ्या-पाचव्या वर्षी फांद्या खिडकीला घासू लागतात किंवा वरच्या विजेच्या तारांना टेकतात, आणि मग ग्राहक आमच्याकडे येऊन म्हणतात, ‘झाड मागच्या बाजूला हलवून द्या.’ एवढे झाड हलवताना त्याच्या पाणी शोषणाऱ्या बारीक मुळांपैकी फारच थोडी मुळे मातीच्या गोळ्याबरोबर येतात आणि उरलेली जमिनीतच राहतात. पूर्वी एका ग्राहकांच्या आग्रहाखातर आम्ही हे काम केले होते; दोन माणसे दिवसभर राबली, झाड नव्या खड्ड्यात उभेही राहिले, आणि पुढच्या उन्हाळ्यात वाळून गेले. तेव्हापासून हे काम आम्ही घेत नाही.

झाड तोडून टाकणे हाही वाटतो तितका सोपा उपाय नाही. कर्नाटकात 1976 च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार वाढलेले झाड स्वतःच्या आवारातले असले तरी ते तोडण्यासाठी वृक्ष अधिकाऱ्यांकडे परवानगीचा अर्ज करावा लागतो. अबोलीची जागा चुकली तर मात्र पावसाळ्यात एखाद्या संध्याकाळी खुरपे घेऊन रोपे दुसरीकडे लावली की काम भागते.

म्हणून बकुळीचे रोप देण्यापूर्वी आम्ही काही गोष्टी विचारतो : घराच्या भिंतीपासून जागा किती दूर आहे, कंपाउंड किती दूर आहे, वरून तारा जातात का, आणि सेप्टिक टाकी कोणत्या बाजूला आहे. काही ग्राहकांना ही चौकशी खटकते. एका गृहस्थांनी तर हसत हसत सुनावले की आम्ही रोप न्यायला आलो आहोत, सोयरीक जुळवायला नव्हे. तरीही आम्ही विचारणे सोडलेले नाही, कारण या प्रश्नांना लागणारी पाच मिनिटे पाच वर्षांनंतरच्या मनस्तापापेक्षा स्वस्त आहेत. आमचा हिशेब असा आहे की बकुळ घराच्या भिंतीपासून पंधरा फूट, कंपाउंडपासून आठ फूट आणि सेप्टिक टाकी किंवा विहिरीपासून पंधरा फूट तरी दूर असावी. विजेच्या तारांखाली तर ती लावूच नये. तीस बाय चाळीसच्या प्लॉटवर घर बांधून झाल्यावर एवढी जागा बहुधा उरतच नाही. अशा ग्राहकांना आम्ही स्पष्टपणे अबोली घ्यायला सांगतो, जरी तिच्या विक्रीतून आमच्या गल्ल्यात पडणारे पैसे कमी असले तरी.

मातीचा विचारही याच्याशी जोडलेला आहे. बेळगावच्या पश्चिमेला आणि खानापूर भागात तांबडी, जांभ्याची माती आहे. तीत पाण्याचा निचरा होतो आणि बकुळ सहसा आनंदाने वाढते. बैलहोंगल, सौंदत्ती, गोकाक, अथणी या भागांतून येणाऱ्या ग्राहकांची जमीन बहुतांशी काळी असते. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. झाड भिंतीजवळ असेल तर त्याची मुळे तिथला उरलासुरला ओलावाही ओढून घेतात, माती अधिक आकसते आणि उथळ पायाच्या कंपाउंडला तडे जातात. तेव्हा काळ्या मातीत वर सांगितलेल्या अंतरात आणखी चार-पाच फूट वाढवावेत. शिवाय अशा जमिनीत खोल खड्डा केल्यास त्यात विहिरीसारखे पाणी साचते आणि मुळे कुजतात, म्हणून रोप आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वीतभर उंच उंचवट्यावर लावावे. अबोलीला तर कोणत्याही मातीत उंच वाफाच मानवतो.

दिशा ठरवताना दोन्हींचा स्वभाव लक्षात घ्यावा. दुपारचे तापते ऊन पश्चिमेकडून येते, त्यामुळे जागा असल्यास बकुळ घराच्या पश्चिमेला किंवा नैर्ऋत्येला लावावी. आपल्याकडे पावसाळी वाराही त्याच बाजूने येतो, म्हणून पहिली दोन-तीन वर्षे रोपाला बांबूची भक्कम काठी द्यावी आणि सुतळी सैल बांधावी. आवळून बांधलेली सुतळी सालीत रुतलेली आम्ही पुष्कळदा पाहिली आहे. अबोली पूर्वेला लावावी, कारण तिला सकाळचे ऊन आणि दुपारची सावली मानवते.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक वाटते. अबोलीला थोडी सावली चालते हे ऐकून काही ग्राहक ती थेट बकुळीच्या बुंध्याशी लावतात. बकुळीची सावली बारमाही आणि दाट असते. तिच्याखाली अबोली उंच, किरकोळ होत जाते आणि फुले नावापुरती येतात. त्यातच बकुळीच्या आळ्यात वारंवार खुरपणी केल्याने तिची वरची मुळे दुखावतात. दोन्ही हवी असतील तर अबोलीचा वाफा बकुळीच्या भावी पसाऱ्याच्या बाहेर आखावा.

पाण्याबाबत थोडक्यात सांगायचे तर अबोलीला थोडे पण दोन-तीन दिवसांआड, आणि बकुळीला पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून एकदा-दोनदा पण भरपूर पाणी द्यावे. रोज तांब्याभर पाणी ओतल्यास बकुळीची मुळे वरच्यावर राहतात आणि झाड पुढे उन्हाळ्यात टिकत नाही.

अबोलीच्या रोपांना साधारण तीन-चार महिन्यांत फुले येऊ लागतात, आणि नंतर ती थोडीफार वर्षभर येत राहतात. रोपे एक ते दीड फुटावर लावावीत, आणि दोन-तीन वर्षांनी वाफा नव्याने भरावा, कारण जुन्या झुडपांचा बहर ओसरतो. पाणी आणि खत असूनही रोपे पिवळी पडून खुरटत असतील, तर एखादे उपटून पाहावे; मुळांवर बारीक गाठी दिसल्या तर तो सूत्रकृमींचा, म्हणजे मुळांत शिरणाऱ्या अतिसूक्ष्म कृमींचा, उपद्रव समजावा. त्याच जागी पुन्हा अबोली लावू नये. तिथे एक हंगाम झेंडू घ्यावा आणि मातीत निंबोळी पेंड मिसळावी. ही पेंड आमच्याकडे सुट्या वजनाने मिळते. ‘दिल्ली’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अबोलीचे बी मागणाऱ्या ग्राहकांना आम्ही नकार देतो, तो साठा संपला म्हणून नव्हे, तर त्या जातीला बी धरतच नाही म्हणून. तिची रोपे छाट कलमानेच करावी लागतात. साध्या अबोलीच्या पिकलेल्या शेंगा मात्र पहिल्या पावसात भिजताच टचकन फुटून बी दूरवर उडते, आणि कानडी भाषिक शेजारणी कनकांबराची (अबोलीचे कानडी नाव) ती आपोआप उगवलेली रोपे हौसेने मागून नेतात.

बकुळीच्या बाबतीत घाई उपयोगाची नाही. खाली बाज टाकून बसण्याजोगी सावली मिळायला सात-आठ वर्षे तरी धरून चालावे, आणि फुलांसाठीही काही वर्षे थांबावे लागते. पण एकदा ती फुलू लागली की सकाळी अंगणात सडा पडतो आणि वाळल्यावरही फुलांचा वास जात नाही. अबोलीला रंग आहे, पण वास नाही. गोव्याकडचे ग्राहक बकुळीला ओवळ म्हणतात आणि वळेसरासाठी, म्हणजे फुलांच्या माळेसाठी, मुद्दाम मागतात. गाडी उभी करण्यासाठी सावली हवी असणाऱ्यांनी एवढेच ध्यानात घ्यावे की पिकलेली नारिंगी फळे टपावर पडतात आणि ती खायला येणारे पक्षीही आपली खूण ठेवून जातात.

अबोलीची रोपे आमच्याकडे बारमाही मिळतात. बकुळीची रोपे मात्र आम्ही मृगाच्या सरी पडल्यानंतरच देतो. एप्रिल-मे महिन्यांत कोणी कितीही आग्रह केला तरी देत नाही, कारण त्या उन्हात लावलेले रोप जगले नाही तर दोष रोपवाटिकेवर येतो. येताना जागेचा साधा नकाशा, पावलांनी मोजलेला असला तरी चालेल, सोबत आणावा. मोजणी जमत नसेल तर बेळगाव शहरात आमचा माणूस येऊन जागा पाहून जातो आणि त्याचे वेगळे पैसे आम्ही घेत नाही. माणसाच्या उंचीची, मोठ्या पिशवीत वाढवलेली बकुळ हवी असल्यास ती अक्षय्य तृतीयेच्या सुमारास सांगून ठेवावी, कारण अशी रोपे आम्ही मोजकीच तयार करतो आणि ती पहिल्या पावसाबरोबर संपतात.