सोडायची आणि परत आणायची दुर्बीण

इंदूरमध्ये राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राचं पूर्ण नाव क्वचितच कोणी घेतं. रिक्षावाल्याला ‘कॅट’ म्हटलं की पुरे. या कॅटमधलं इंडस-1 हे यंत्र 1999 पासून प्रयोगांसाठी प्रकाश पुरवत आलं आहे. त्यात 450 दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचे इलेक्ट्रॉन वर्तुळात फिरतात आणि वळताना प्रकाश टाकतात. त्यातला कामाचा भाग डोळ्यांना न दिसणारा, दूरच्या अतिनील पट्ट्यातला असतो. तो प्रयोगापर्यंत न्यायचा तर सगळी वाट निर्वात नळीतून. थोडी हवा शिरली तरी ऑक्सिजन आणि नायट्रोजन तो गिळून टाकतात.

काही मीटरांच्या नळीत ही गत, तर ताऱ्याकडून निघालेला असा प्रकाश अख्खं वातावरण ओलांडून जमिनीवर पोहोचणं अशक्यच. आणि तप्त ताऱ्यांच्या अभ्यासकांना नेमका तोच हवा असतो. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे 5,800 केल्विन, म्हणून त्याचं प्रारण 500 नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक असतं. 30,000 केल्विनच्या ताऱ्याचा हाच शिखरबिंदू 97 नॅनोमीटरपाशी येतो. दृश्य प्रकाशात अशा ताऱ्याची फक्त शेपटी हाती लागते.

हा पट्टा टिपण्यासाठी जर्मन आणि अमेरिकन शास्त्रज्ञांनी ‘ऑर्फियस’ ही दुर्बीण बनवली. 1 मीटर व्यासाचा, इरिडियमचा लेप दिलेला आरसा आणि त्यामागे वर्णपटमापक, म्हणजे प्रकाश तरंगलांबीनुसार वेगळा करून मोजणारं उपकरण. सप्टेंबर 1993 मध्ये डिस्कव्हरी या अमेरिकन शटलमधून, म्हणजे अंतराळात जाऊन परत येणाऱ्या यानातून, आणि नोव्हेंबर 1996 मध्ये कोलंबियातून ती गेली. अंतराळवीरांनी यांत्रिक हाताने तिला बाहेर सोडलं आणि शटल तिच्यापासून दूर सरकलं. पहिल्या खेपेला ती सुमारे सहा दिवस एकटी फिरली, दुसऱ्या खेपेला दोन आठवडे. मग त्याच हाताने पकडून घरी आणली.

एवढा खटाटोप कशाला, शटलच्या पाठीवर बसवूनच का नाही वापरली? कारण शटल हा फार गलिच्छ शेजारी. त्याची छोटी इंजिनं वायू सोडतात, सांडपाण्याची वाफ होते, माणसांच्या हालचालींनी यान थरथरतं. अतिनील आरशावर सेंद्रिय रेणूंचा नुसता पातळ थर बसला तरी तो आंधळा होऊ लागतो. परत आणण्याचा फायदा मला त्याहून मोठा वाटतो: आरसा आणि संवेदक उड्डाणाआधी तपासले, परतल्यावर पुन्हा तपासले, की मोजमापावर किती भरवसा ठेवायचा ते कळतं. शिवाय तेच उपकरण पुन्हा पाठवता येतं.

पकडणं मात्र सोपं नसतं. 1997 मध्ये कोलंबियातूनच, कल्पना चावला ज्या मोहिमेत होत्या तीत, सूर्याचा अभ्यास करणारा स्पार्टन उपग्रह सोडल्यावर नीट चालूच झाला नाही. शेवटी दोन अंतराळवीरांनी बाहेर जाऊन तो हातांनी धरला.

ऑर्फियसच्या वर्णपटांत मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते ताऱ्यांच्या अलीकडचं. ताऱ्याचा प्रकाश आपल्याकडे येताना वाटेतला वायू ठरावीक तरंगलांबी शोषून घेतो. 103.2 आणि 103.8 नॅनोमीटरला काळ्या रेषा दिसल्या, की तिथे पाच इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन आहे, म्हणजे वायू सुमारे 3 लाख केल्विनवर तापलेला आहे. त्याच पट्ट्यात, 111 नॅनोमीटरच्या खाली, थंडगार ढगांतल्या रेणवीय हायड्रोजनच्याही रेषा असतात. एकाच ताऱ्याच्या वाटेवर थंड आणि तप्त असे दोन्ही वायू एकाच वर्णपटात वाचता येतात. 91.2 नॅनोमीटरच्या खाली मात्र साधा, सुट्या अणूंचा हायड्रोजनच भिंत घालतो. तिथे जवळचे श्वेत बटू (इंधन संपलेल्या ताऱ्यांचे उरलेले लहान, तप्त गाभे) वगैरे थोडेच तारे दिसतात.

2011 मध्ये शटल बंद झालं आणि अशा ने-आणीची सोयही संपली. आपल्या अ‍ॅस्ट्रोसॅट या खगोल उपग्रहावरच्या अतिनील दुर्बिणीला परतीचा रस्ता नव्हताच, म्हणून 2015 च्या उड्डाणानंतर यानातले वायू निघून जाईपर्यंत तिची झाकणं सुमारे दोन महिने बंद ठेवली होती. तिचा पल्ला 130 नॅनोमीटरपासून सुरू होतो. ऑक्सिजनच्या त्या दोन रेषा त्याच्या बाहेर पडतात.