नाव तेच, जमीन वेगळी: मुंबईच्या निकाल-नकाशांची पार्श्वभूमी

मतमोजणीच्या दिवशी आता लोकलच्या डब्यातही कुणाच्या ना कुणाच्या मोबाइलवर मुंबईचा नकाशा उघडलेला असतो. मतदारसंघावर बोट ठेवलं की उमेदवार, मतं, मताधिक्य, सगळं पुढ्यात येतं. असा नकाशा करायची साधनं बरीच वर्षं फुकट मिळतायत. ब्राउझरमध्ये आकड्यांची चित्रं काढणारी डी3 आणि नकाशे दाखवणारी लीफलेट या दोन्ही जावास्क्रिप्ट लायब्रऱ्या 2011 साली आल्या. म्हणजे चित्राचा प्रश्न केव्हाच सुटला. घोडं अडतं ते आकडे आणि सीमांपाशी, आणि ती अडचण पहिल्या निवडणुकीपासूनची आहे.

1951-52 च्या लोकसभा निवडणुकीत मुंबई शहर उत्तर हा दोन खासदारांचा मतदारसंघ होता. त्यातली एक जागा राखीव. तिथेच डॉ. बाबासाहेब आंबेडकर नारायण काजरोळकरांकडून पराभूत झाले. आजच्या नकाशात एका आकृतीला एक रंग असतो. इथे एकाच आकृतीचे दोन विजेते. 1961 च्या कायद्याने द्विसदस्य मतदारसंघ बंद झाले. त्याआधीच्या निवडणुका नकाशावर आणताना मात्र आकृतीला एकच विजेता हे गृहीतक सोडावं लागतं, आणि पुष्कळ नकाशे ते सोडत नाहीत.

नंतरची कित्येक वर्षं निकाल म्हणजे आकाशवाणीच्या बातम्या, वर्तमानपत्रातले तक्ते आणि मग दूरदर्शन. मतपत्रिकांची मोजणी दोन-तीन दिवस चालायची आणि मधल्या वेळात दूरदर्शन सिनेमे दाखवायचं. आमच्या गिरगावातल्या खोलीत वडील वहीत रकाने आखून बसत: मतदारसंघ, आघाडी, पिछाडी, अंतिम. आघाडी फिरली की पेन्सिलचा आकडा खोडून नवा लिहायचा. 1980 च्या दशकात प्रणय रॉय आणि अशोक लाहिरी यांनी ब्रिटिश अभ्यासक डेव्हिड बटलर यांच्यासोबत मतांचा कल आणि विरोधकांच्या एकजुटीचा निर्देशांक ही भाषा इथे रुजवली. किती टक्के मतं सरकली तर किती जागा फिरतील, हा हिशेब प्रेक्षक पहिल्यांदाच डोळ्यांसमोर होताना बघत होते. आजच्या नकाशातली इकडून तिकडे सरकवायची पट्टी त्याच विचारातून आली.

मोठा बदल झाला मतदान यंत्रांमुळे. 2004 ची लोकसभा निवडणूक देशभर यंत्रांवर झाली. मतपत्रिकांच्या काळात वेगवेगळ्या केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मोजायची सोय नियमांत होती. यंत्र केंद्रागणिक वेगळं, त्यामुळे आकडाही केंद्रागणिक वेगळा. तो नमुना 20 नावाच्या अंतिम निकालपत्रात ओळीओळीने येतो आणि जाहीर होतो. हजार-दीड हजार मतदारांच्या वस्तीने कुणाला किती मतं दिली, ते कुणालाही वाचता येतं. वस्ती अशी उघडी पडू नये म्हणून अनेक यंत्रांची बेरीज एकदम दाखवणारं टोटलायझर हे उपकरण निवडणूक आयोगाने सुचवलं, विधी आयोगानेही 2015 च्या अहवालात त्याची शिफारस केली. ते अजून लागू झालेलं नाही. म्हणून केंद्रनिहाय नकाशा काढणाऱ्याने थोडा विचार करावा असं मला मनापासून वाटतं. एका चाळीचा किंवा एका झोपडपट्टीचा रंग ठळक दाखवून आपण नेमकं कुणाच्या हातात काय देतोय?

हे नमुना 20 चे कागद बऱ्याचदा स्कॅन केलेले असतात, त्यामुळे आकडे पुन्हा टाइप करणं आलं. सीमांच्या डिजिटल फायली तर सहज मिळतच नव्हत्या. डेटामीटसारख्या स्वयंसेवी गटाने मतदारसंघांचे नकाशे जमवून खुले केले. अशोका विद्यापीठातल्या त्रिवेदी केंद्राने लोकढाबा या नावाने जुन्या निवडणुकांचे निकाल एका साच्यात आणले. आज कुणी एका रात्रीत नकाशा उभा करतो, तो या लोकांच्या कष्टांवर.

पण मुंबईपुरता खरा चकवा 2008 च्या परिसीमनात आहे. 2001 ची जनगणना धरून सीमा नव्याने आखल्या गेल्या. मुंबईच्या विधानसभेच्या जागा 34 च्या 36 झाल्या, लोकसभेच्या सहाच राहिल्या आणि त्यांची नावंही तीच राहिली. 2004 साली मुंबई उत्तर मध्यमधून एकनाथ गायकवाडांनी मनोहर जोशींना हरवलं. 2009 मध्ये गायकवाड निवडून आले ते दक्षिण मध्यमधून. उत्तर मध्यमधून आल्या प्रिया दत्त, ज्या 2005 च्या पोटनिवडणुकीत उत्तर पश्चिममधून जिंकल्या होत्या. मी पहिल्यांदा दोन्ही वर्षांचे तक्ते मतदारसंघाच्या नावावरून जोडले तेव्हा सगळं बिनबोभाट जुळलं, एकही चूक दाखवली गेली नाही. गायकवाडांचं नाव दोन ठिकाणी दिसलं तेव्हा कळलं की धारावीच उत्तर मध्यमधून उठून दक्षिण मध्यमध्ये गेली होती. 2009 च्या आधीचं आणि नंतरचं एकाच पट्टीवर दाखवायचं असेल, तर दोन वेगळे नकाशे हवेत.

पक्षांच्या नावांचंही तेच. 2019 च्या तक्त्यातली शिवसेना एक होती, 2024 च्या तक्त्यात दोन आहेत. रंग कुणाला द्यायचा हे संगणक ठरवू शकत नाही. काय ठरवलं ते नकाशाखाली लिहायला हवं.

जमिनीचा प्रश्न त्याहून जुना. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान शंभर चौरस किलोमीटरहून थोडं मोठं, आत तुरळक पाडे. नकाशात मात्र ते जंगल विजेत्या पक्षाच्या रंगात भरून निघतं आणि खचाखच भरलेली धारावी नखाएवढी दिसते. त्यासाठी प्रत्येक मतदारसंघाला सारखा षटकोन देण्याची रीत आहे. मुंबईला ती शोभते, कारण इथला माणूस शहर दक्षिणोत्तर रांगेतच ओळखतो: कुलाबा, वरळी, माहीम, वांद्रे, दहिसरपर्यंत.

4 जून 2024 ला मुंबई उत्तर पश्चिमचा निकाल लागला. रवींद्र वायकर 4,52,644, अमोल कीर्तिकर 4,52,596. फरक 48 मतांचा, आणि नकाशात अख्खा मतदारसंघ एका गडद रंगात. केंद्रनिहाय नकाशा याहून खरं सांगेल असं वाटून नुसत्या यंत्रांतल्या मतांची बेरीज केली, तर कीर्तिकर एका मताने पुढे निघतात. वायकरांना जिंकवलं टपाली मतांनी: 1,550 विरुद्ध 1,501. टपाली मत कुठल्याच केंद्राचं नसतं, म्हणून केंद्रांच्या नकाशात त्याला जागाच नाही. मी आता कडेला एक वेगळा चौकोन काढतो आणि त्यावर लिहितो, 'टपाली'. बोट ठेवलं की तोही उघडतो.